रायफल घडवावी की विकत घ्यावी?

(‘संरक्षण आणि स्वावलंबन’ या विषयावर एका व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



खंडेनवमीला महाराष्ट्रात घरोघरी शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. सुतार रंधा-पटाशी पुसून ठेवतो, शिंपी शिवणयंत्राला हार घालतो, सैनिकांच्या छावण्यांतून रायफली आणि तोफांना गंधाक्षता वाहिल्या जातात. पूजा श्रद्धेने होते. परंतु पाटावर मांडलेले ते शस्त्र कोणी घडवले आणि उद्या त्याचा एखादा भाग मोडला तर तो कोण घडवून देणार, हा प्रश्न त्या दिवशी क्वचितच कोणाच्या मनात येतो. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे. राष्ट्राने आपल्या जवानाच्या हातातील रायफल स्वतः घडवावी की बाजारातून विकत घ्यावी? आणि तिजोरीत पैसा मोजकाच असताना हा निर्णय कोणत्या कसोटीवर करावा?

प्रश्न वरवर सोपा वाटतो. स्वदेशीचा अभिमानी म्हणेल, घडवावी. हिशेबी मनुष्य म्हणेल, जेथे स्वस्त आणि चांगली मिळेल तेथून घ्यावी. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघांनीही आपला हिशेब अर्धाच मांडला आहे. उरलेला अर्धा हिशेब पाहण्यासाठी प्रथम सव्वादोनशे वर्षे मागे जावे लागेल.

पाटीलबाबांचा आग्र्याचा कारखाना

महादजी शिंदे यांनी १७८४ मध्ये द ब्वान्य या सेनानीला चाकरीस घेऊन पाश्चात्त्य पद्धतीची कवायती पलटणे उभारली. अशा पलटणींना बंदुका लागणार आणि त्याही एका मापाच्या लागणार. सगळ्या बंदुका फिरंग्यांकडून विकत घ्यायच्या तर पैसा जाणार आणि नेमक्या युद्धाच्या वेळी पुरवठा बंद होण्याचे भयही राहणार. पाटीलबाबांनी दूरदृष्टीने आग्र्याला शस्त्रशाळा उभारली. सँगस्टर नावाच्या एका स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तेथे तोफा ओतल्या जाऊ लागल्या आणि बंदुकाही तयार होऊ लागल्या. युरोपीय बंदुकीच्या तोडीची बंदूक तेथे सुमारे १० रुपयांत पडत असे, अशी नोंद आहे. याच पलटणींनी १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथील लढाया जिंकल्या.

‘घडवावी की विकत घ्यावी’ या प्रश्नाचे ते चोख उत्तर होते. तरीही १८०३ मध्ये काय झाले? महादजी १७९४ मध्येच निवर्तले होते. इंग्रजांशी युद्ध जुंपले आणि गव्हर्नर जनरल वेलस्ली याने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील गोऱ्या अधिकाऱ्यांना फोडले. अनेक अधिकारी गेले. सरसेनापती पेराँ हाही इंग्रजांच्या आश्रयाला गेला. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे आणि पुढे लासवाडी येथे शिंद्यांच्या शिपायांनी पराक्रमाची शर्थ केली. त्यांच्या तोफा उत्तम होत्या, हे शत्रूनेही मान्य केले. पराभव मात्र टळला नाही.

या इतिहासाचे मर्म नीट पाहिले पाहिजे. कारखाना आपल्या भूमीवर होता, कारागीर आपले होते, कोळसा आणि लोखंड आपले होते. परंतु कारखाना चालवण्याची आणि सैन्य हाकण्याची विद्या पगारी परक्यांच्या हाती राहिली. तोफ घरची असली, तरी विद्या उसनीच होती. यास्तव खरा प्रश्न ‘घडवावी की विकत घ्यावी’ एवढ्यावर संपत नाही. व्यवहार संपल्यानंतर घरात काय उरते, हा त्याचा उत्तरार्ध आहे.

रेझांग ला आणि .३०३

स्वतंत्र भारताला या प्रश्नाची पहिली जळजळीत जाणीव झाली ती १९६२ मध्ये. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात ब्रिटिश राजवटीपासून रायफली तयार होत होत्या. म्हणजे घडवण्याची सोय होती. परंतु जी घडत होती ती.३०३ ली-एनफील्ड. तिचा मूळ आराखडा पहिल्या महायुद्धाच्याही आधीचा. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढून पुढे ढकलावा, मग चाप ओढावा, अशी तिची रीत. समोर चिनी सैन्याजवळ मात्र आपोआप गोळी भरून घेणारी शस्त्रे होती. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतानसिंह यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊँच्या सुमारे १२० वीरांनी जी झुंज दिली, ती याच जुन्या रायफली हातात घेऊन. बर्फात बधिर झालेल्या बोटांनी प्रत्येक गोळीमागे बोल्ट ओढणे म्हणजे काय, याची कल्पना उबदार घरात बसून करता येणार नाही.

म्हणजे नुसती ‘स्वदेशात घडलेली’ ही पदवी पुरेशी नसते. पन्नास वर्षे तीच वस्तू घडवत राहणे हे स्वावलंबन नव्हे, ती सवय आहे.

युद्धानंतर इशापूरने दोन मार्ग धरले. पहिला मार्ग तात्पुरता आणि काटकसरीचा होता. जुनीच यंत्रे, जुनाच आराखडा, परंतु पोलाद अधिक बळकट आणि काडतूस ७.६२ मिलिमीटरचे, अशी २ए रायफल काढण्यात आली. पुढे कित्येक वर्षे पोलिसांच्या खांद्यावर ती दिसत असे. दुसरा मार्ग लांबचा होता. बेल्जियमच्या प्रसिद्ध रायफलीचे विविध नमुने अभ्यासून स्वयंभरण रायफल, म्हणजे जवानांच्या तोंडी रुळलेली ‘एसएलआर’, देशातच तयार करण्यात आली. १९७१ च्या विजयात भारतीय पायदळाच्या हाती प्रामुख्याने हीच रायफल होती. निकड भागवणे आणि विद्या मिळवणे ही दोन्ही कामे त्या वेळी बरोबरीने चालली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

इन्सासची कथा

१९८० च्या दशकात जगभरची सैन्ये हलक्या, ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसाकडे वळली होती. जवानाला त्याच वजनात अधिक गोळ्या नेता येतात, हा त्याचा मोठा लाभ. पुण्यातील पाषाण येथील शस्त्र संशोधन व विकास आस्थापनेकडे, म्हणजे ‘एआरडीई’कडे, नव्या रायफलीचे काम आले. कलाश्निकोव्ह आणि अन्य नामांकित रायफलींचे गुण एकत्र आणून तेथील अभियंत्यांनी ‘इन्सास’ घडवली. महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट होती.

परंतु आराखडा आणि कारखाना यांत अंतर असते, आणि कारखाना व रणभूमी यांत त्याहून मोठे अंतर असते. रायफल तयार होत आली तेव्हा तिचे काडतूस पुरेशा प्रमाणात देशात तयार होत नव्हते. ते प्रथम इस्रायलकडून आणावे लागले. घरची रायफल आणि परक्याची काडतुसे, अशी अवस्था! पुढे जळगाव जिल्ह्यातील वरणगावसारख्या आयुध निर्माणींनी ही उणीव भरून काढली. दरम्यान काश्मीरमधील दहशतवाद टिपेला पोहोचला होता. अतिरेक्यांच्या हाती एके-४७ आणि जवानांच्या हाती जुनी शस्त्रे, असे चालणार नव्हते. म्हणून १९९० च्या दशकाच्या आरंभी सुमारे १ लाख एके जातीच्या रायफली पूर्व युरोपातून आणि अन्यत्रून विकत आणाव्या लागल्या. त्या खरेदीला नावे ठेवण्याचे कारण नाही. शत्रू दाराशी असताना भट्टी पेटवत बसता येत नाही.

१९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर इन्सासची खरी परीक्षा झाली. कडाक्याच्या थंडीत प्लास्टिकची मॅगझिने तडकल्याच्या, रायफल मध्येच अडकल्याच्या, तीन गोळ्यांवर ठेवलेला खटका न जुमानता ती सलग झडू लागल्याच्या तक्रारी आल्या. तेलाचे शिंतोडे नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत उडतात, अशीही तक्रार होती. २००५ मध्ये नेपाळच्या सैन्यानेही माओवाद्यांशी झालेल्या चकमकीनंतर या रायफलीला दोष दिला. भारताकडून तिच्या वापराकडे आणि निगेकडे बोट दाखवण्यात आले. सुधारणा होत गेल्या, आणि दोन दशकांहून अधिक काळ लाखो जवानांनी हीच रायफल वागवली, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि जवानाचा विश्वास एकदा ढळला की तो परत मिळवणे कठीण असते.

दोष कोठे होता? अभियंत्यांच्या बुद्धीत नव्हता. आराखडा करणारी संस्था वेगळी, घडवणारी निर्माणी वेगळी आणि वापरणारे सैन्य तिसरे. तिघांचे वरिष्ठही निराळे. रायफल अडकली की एकाने आराखड्याकडे बोट दाखवायचे, दुसऱ्याने घडणीकडे, तिसऱ्याने हाताळणीकडे. निर्माणीला गिऱ्हाईक निश्चित होते; माल नाकारला जाण्याची भीतीच नव्हती. ज्या सुताराला आपली खुर्ची कोणी परत करणार नाही याची खात्री असते, त्याचा रंधा हळूहळू बोथट होतो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित करून त्याच्या ७ सरकारी कंपन्या करण्यात आल्या, त्यामागे हाच अनुभव होता.

किंमत म्हणजे केवळ पावती नव्हे

आता थोडा पैशांचा हिशेब. २०१९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीकडून ७२,४०० सिग-७१६ रायफली घेण्याचा करार झाला. त्याची किंमत सुमारे ७०० कोटी रुपये असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. म्हणजे एक रायफल सुमारे ९७ हजार रुपयांना. २०२४ मध्ये त्याच रायफलीची ७३ हजारांची दुसरी मागणी ८३७ कोटींची झाली; म्हणजे एक रायफल सुमारे १ लाख १५ हजारांना. पाच वर्षांत डॉलर चढला, महागाई वाढली, हे खरेच. परंतु जी वस्तू स्वतः घडवता येत नाही, तिचा दुसऱ्या खेपेचा भाव ठरवताना गिऱ्हाइकाच्या हाती फारसे काही उरत नाही, हेही तितकेच खरे.

मग घडवलेली रायफल स्वस्त पडते काय? पहिल्या दिवशी मुळीच नाही. रायफलीची नळी म्हणजे पाण्याचा नळ नव्हे. विशिष्ट पोलादाची कांडी आरपार सरळ पोखरायची, आत सर्पिल खाचा उठवायच्या, गंज आणि उष्णता सोसावी म्हणून आतून क्रोमचा पातळ थर द्यायचा. प्रत्येक भाग असा अचूक हवा, की एका रायफलीचा बोल्ट काढून दुसरीत घातला तरी तो बिनतक्रार बसावा. त्यासाठी यंत्रे, साचे, मापे तपासण्याची गेज आणि शिकलेले हात लागतात. समजा, या सगळ्यावर १०० कोटी रुपये खर्च झाले. रायफली १० हजारच करायच्या असतील, तर प्रत्येकीवर १ लाख रुपयांचा बोजा पडेल. परंतु ६ लाख करायच्या असतील, तर तोच बोजा अवघा १,६६७ रुपये होईल. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. तत्त्व मात्र पक्के आहे. थोडी आणि तातडीची गरज असेल तर विकत घ्यावे. मोठी आणि कायमची गरज असेल तर घडवावे.

सुमारे १२ लाखांच्या सैन्याला रायफल ही कायमची गरज आहे, हे सांगायला अर्थशास्त्री नको. शिवाय खरेदीच्या पावतीवर न दिसणारे खर्च वेगळेच असतात. पंधरा-वीस वर्षे सुटे भाग लागतात, काडतुसे लागतात, दुरुस्ती लागते. ऐन युद्धात विकणाऱ्या देशाने हात आखडता घेतला, तर त्या रायफलीचे मोल लाठीइतके उरते.

आधी गरज ठरवा

या कथेत एक प्रकरण असेही आहे, की ज्यात धड घडवलीही नाही आणि घेतलीही नाही. २०११ मध्ये ६६ हजार रायफलींसाठी जागतिक निविदा निघाली. अट अशी, की नळी बदलताच त्याच रायफलीतून ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटर, अशी दोन्ही जातींची काडतुसे झाडता आली पाहिजेत. चाचण्या आणि पत्रव्यवहार यांत चार वर्षे गेली आणि २०१५ मध्ये निविदाच रद्द झाली. त्यानंतर देशी बनावटीची एक ७.६२ मिलिमीटरची रायफल २०१७ मध्ये सैन्याच्या चाचण्यांत उतरू शकली नाही. दरम्यान जवान जुन्याच रायफली घेऊन सीमेवर उभे होते. आठ वर्षांचा हा विलंब कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही; तो जवानाच्या खात्यावर मांडला जातो.

गरज नेमकी ठरवणे ही काटकसरीची पहिली पायरी असते. एकाच वस्तूत सर्व गुण मागणारा ग्राहक शेवटी रिकाम्या हाताने घरी येतो.

कोरवा आणि पाषाण

२०१९ च्या मार्चमध्ये उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात कोरवा येथे भारत-रशिया संयुक्त प्रकल्पाची घोषणा झाली. एके-२०३ ही रायफल तेथे तयार करायची, भांडवलात भारताचा वाटा ५०.५ टक्के, असे ठरले. किंमत आणि तंत्रज्ञानाचा मोबदला यांवर घासाघीस होऊन डिसेंबर २०२१ मध्ये ६,०१,४२७ रायफलींचा करार झाला. त्याची रक्कम ५ हजार कोटींहून अधिक, म्हणजे एक रायफल ८३ हजारांच्या वर. पुढे युक्रेन युद्धाने अडथळे आले. २०२३ च्या जानेवारीत पहिली खेप तयार झाली आणि २०२४ च्या जुलैपर्यंत ३५ हजार रायफली सैन्याला मिळाल्या.

विकत घेणे आणि घडवणे यांमधला हा तिसरा मार्ग. तो चांगला की वाईट? उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे. कोरवा येथे सुटे भाग जोडण्यापुरतेच काम राहिले, तर ती आग्र्याची पुनरावृत्ती ठरेल. पोलाद, नळी, साचे आणि उद्याचा नवा आराखडा करण्याची बुद्धी तेथे रुजली, तर तो पैसा सत्कारणी लागला असे म्हणता येईल.

ही बुद्धी रुजू शकते, याचे आश्वासक उदाहरण पुण्यातच आहे. ज्या पाषाणच्या संस्थेने इन्सासचे टक्केटोणपे खाल्ले, तिनेच जवळच्या लढाईसाठी लागणाऱ्या ५.५६ मिलिमीटर कार्बाइनचा आराखडा केला. भारत फोर्ज या पुण्याच्याच खासगी उद्योगाने ती घडवली आणि सैन्याच्या सव्वाचार लाख कार्बाइनांच्या स्पर्धेत २०२५ मध्ये तिची निविदा सर्वांत कमी किमतीची ठरली. स्पर्धेत उतरून, चाचण्या देऊन मिळवलेले हे यश आहे. इन्सासच्या अपयशावर खर्च झालेले पैसे वाया गेले नाहीत, ते शिकवणीची फी ठरले.

इतर देशांचा अनुभव हेच सांगतो. इस्रायलने १९७० च्या दशकात स्वतःची गॅलिल रायफल काढली. परंतु अमेरिकी मदतीतून एम-१६ जवळजवळ फुकट मिळू लागताच तीच सैन्याला दिली. मात्र आपली शस्त्रशाळा त्यांनी बंद केली नाही, आणि पुढे तेथूनच नवी टॅव्होर निघाली. फ्रान्सने उलट केले. सेंट एतियेनचा शतकांची परंपरा असलेला रायफल कारखाना २००० च्या दशकाच्या आरंभी बंद पडला. २०१६ मध्ये नवी रायफल निवडायची वेळ आली, तेव्हा फ्रान्सला ती जर्मनीकडून घ्यावी लागली. विझलेली चूल पुन्हा पेटवणे कोणालाच सोपे नसते.

तीन कसोट्या

तेव्हा निर्णय करताना तीन प्रश्न विचारावेत. गरज किती तातडीची आहे? ती किती मोठी आणि किती काळाची आहे? आणि व्यवहार झाल्यावर घरात विद्या किती उरणार आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘आजच’ असे असेल, तर नि:संकोच विकत घ्यावे. पण मोजकेच घ्यावे. दुसऱ्याचे उत्तर ‘नेहमीच’ असे असेल, तर घडवण्याला पर्याय नाही. आणि तिसऱ्याचे उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर तो व्यवहार कितीही स्वस्त दिसला तरी महागच आहे.

घरातील गृहिणीला हे वेगळे सांगावे लागत नाही. पाहुणे दाराशी आले तर ती कोपऱ्यावरच्या दुकानातून चिवडा आणवते आणि त्यात तिला कमीपणा वाटत नाही. परंतु दिवाळीच्या फराळाचे प्रमाण ती विसरत नाही आणि सुनेला, लेकीला ते शिकवल्यावाचून राहत नाही. पहिल्या वर्षी लेकीची चकली बिघडते, म्हणून कोणी सोऱ्या टाकून देत नाही. पण बिघडलेली चकली पाहुण्यांपुढे ठेवून ‘घरची आहे, गोड मानून घ्या’ असेही ती म्हणत नाही.

राष्ट्रानेही जवानाला तसे म्हणू नये. स्वदेशीचा अभिमान जरूर असावा. परंतु त्या अभिमानाची किंमत सीमेवरच्या पोराला मोजायला लावू नये. शस्त्र सदोष असेल तर ते सदोष आहे, हे स्पष्टपणे सांगणारा सैनिक स्वदेशीचा वैरी नसतो; तोच तिचा खरा परीक्षक असतो. त्याचे ऐकून पुन्हा भट्टीपुढे उभा राहणारा अभियंता हा तिचा खरा उपासक.

या सभागृहात अभियांत्रिकीचे विद्यार्थी असतील, लहानमोठे कारखानदार असतील, मुलांच्या करिअरची चिंता करणारे पालक असतील. अचूक नळी पोखरणारा कुशल यंत्रकामगार, पोलादाचा गुण ओळखणारा धातुतज्ज्ञ, दोष न लपवणारा तपासनीस, ही माणसे कोणत्याही देशाकडून विकत मिळत नाहीत. ती घरातच घडवावी लागतात. येत्या खंडेनवमीला शस्त्रापुढे हात जोडताना हे शस्त्र घडवणाऱ्या हातांचेही स्मरण व्हावे, आणि आपल्या घरातून असा एखादा हात तयार होईल काय, याचा विचार व्हावा, एवढीच अपेक्षा.